रेइनोचा बुंधा

रेइनो कांगास आमच्या रस्त्याच्या शेवटच्या घरात राहतो. वय चौऱ्याऐंशी. लग्न केलं नाही. पस्तीस वर्षं लाकूडतोडीत घालवली, आई होती तोवर तिचं सगळं केलं, आणि दर शनिवारी न चुकता सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवला. त्याच्याबद्दल गावात कुणी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. मीही बोलले नाही. मी जे केलं ते न बोलताच केलं.

आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते आणि त्या आठवड्यात चर्चमध्ये कुणी लग्न ठरवत नाही. जंगल सरकारी आहे, म्हणजे परवाना असलेल्या कुणीही कुठेही बसावं. कायदा तेवढंच सांगतो. पण गावाची रीत वेगळी आहे. हरणाची वाट पाहत बसायची ज्याची जी बैठक, ती त्याची. वाटेच्या तोंडाशी दुसऱ्याची गाडी उभी दिसली की दिवे मंद करून पुढे जायचं. दुसऱ्याच्या बैठकीवर बसायचं असेल तर आधी विचारायचं, स्वतः जाऊन नाहीतर घरच्या माणसाला पाठवून. आणि कुणी बसलेलाच असेल, भले आपल्या जागेवर, तर त्याला उठवायचं नाही. बसलेल्या माणसाची सकाळ मोडणं आमच्याकडे चोरीहून वाईट समजतात.

रेइनोची बैठक म्हणजे जुन्या व्हाइट पाइनचा एक बुंधा. झाड त्याच्या आजोबांच्या काळातच तोडलेलं. त्यावर त्याने एक फळी ठोकली होती, पाठीला टेकण म्हणून एक ओंडका लावला होता. समोर उतार, उताराखाली सीडरची दलदल. रस्त्यापासून दोनशे पावलं. त्या बुंध्यावर तो एक्केचाळीस वर्षं बसला.

त्याची रीतभात इतरांपेक्षा जरा जास्तच होती. गाडी अशी लावायचा की मागून येणाऱ्याला वळवता यावी. दुसऱ्यांची रिकामी काडतुसं खिशात घालून घरी आणायचा. एका वर्षी डेट्रॉइटकडच्या कुणा पाहुण्याने हरीण जखमी केलं आणि त्याचा माग हरवला. रेइनोला ते दोन मैलांवर मेलेलं सापडलं. त्याने चाकूसुद्धा काढला नाही. हरणाशेजारी बसून राहिला, पाहुणा धापा टाकत येईपर्यंत. पाहुण्याने विचारलं, "तुम्हीच का नाही घेतलंत?" रेइनो म्हणाला, "गोळी तुझी होती. मी फक्त माश्या हाकत होतो." नोव्हेंबरात माश्या नसतात, हे पाहुण्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

एकोणीसशे शहाण्णवच्या शरद ऋतूत माझा नवरा आर्मांड हृदयाच्या दुखण्याने खचला होता. जिना चढताना दोनदा थांबायचा. त्याची स्वतःची बैठक बीव्हरच्या तळ्यापलीकडे, पाऊण मैल चालून. ते आता शक्य नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी रेइनो सौनाच्या छपरावरून घसरला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो शहरातल्या हॉस्पिटलात होता.

आमच्या शेजारचा डेल म्हणाला, "आर्मांड, बुंधा रिकामाच आहे. जाऊन बस की. सरकारी जंगल आहे, कोण अडवणार?"

"कायदा दाखवून बसतात ते पाहुणे," आर्मांड म्हणाला. "मी इथला आहे."

"मग विचार त्याला."

"मी नाही विचारणार. माझा चेहरा बघून तो नाही म्हणूच शकणार नाही. ओडिल, तू जा. तुला तो सरळ उत्तर देईल."

तीन नोव्हेंबरला, रविवारी, प्रार्थना आटोपून मी हॉस्पिटलात गेले. वाटाण्याचं सूप नेलं होतं.

"काय गं ओडिल, माझ्यासाठी प्रार्थना करायला आलीस की सूप घेऊन?"

"दोन्ही."

"मग आधी सूप."

तो खाटेवर पाय टांगून पडला होता. दाढी वाढलेली. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलायला लागला. "पंधरा तारखेला एस्को मला घेऊन जाणार. त्याला सांगितलंय, पोत्यासारखं उचल, बुंध्यावर ठेव आणि चालता हो."

एस्को त्याचा चुलतभाऊ. नर्स पलीकडे चादर घडी करत होती. ती म्हणाली, "मिस्टर कांगास, सहा आठवडे पाय टेकायचा नाही."

"पाय कोण टेकतंय? मी बसणार आहे."

आम्ही तिघं हसलो. मी तिथे चाळीस मिनिटं बसले. सूप संपलं, गावातल्या बातम्या संपल्या. मी विचारलं नाही. मला वाटलं, नर्सला जास्त कळतं, हा काही सुटत नाही. आणि मला हेही ठाऊक होतं की विचारलं तर तो बहुधा नाही म्हणेल. त्याचं नाही घेऊन मला आर्मांडसमोर उभं राहायचं नव्हतं.

घरी आले तर आर्मांड खिडकीशी बसला होता. मी आधी कोट काढला, खुंटीला लावला.

"काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

"लगेच?"

"लगेच."

"काही टोमणा नाही मारला? रेइनोच होता ना तो?"

"म्हणाला, आर्मांडला सांग, माझ्या फळीवर तंबाखू थुंकू नकोस."

आर्मांड खोकला येईपर्यंत हसला. एकदा खोटं बोलायचं ठरलं की त्याला किती सहज दाणापाणी घालता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं, "हॉस्पिटल. रेइनोला विचारले. हो म्हणाला." मी अकरा वर्षांची असल्यापासून रोज वही लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ती सवय लावली. हवामान, पाहुणे, आजार, पत्रं, सगळं जसं घडलं तसं. त्यात खोटं असं तेवढंच.

पंधरा तारखेला पहाटे सहाला मी आर्मांडला गाडीने नेलं. रात्री चार बोटं बर्फ पडला होता. दोनशे पावलांना आम्हाला वीस मिनिटं लागली. त्याला फळीवर बसवलं, गुडघ्यांवर घोंगडं टाकलं, थर्मास हाताशी ठेवला. त्याने नारिंगी टोपी कानांवर ओढली आणि मला हाताने जा म्हणून खुणावलं. आई अंगणातून हलावी आणि आपल्याला खेळता यावं म्हणून पोर करतं, तशी ती खूण होती. मी परत येऊन गाडीत बसले.

साडेसहाला मागून दिवे आले. एस्कोचा पिकअप. आमच्या गाडीमागे थांबला. चालकाच्या शेजारचं दार उघडलं, आधी कुबड्या बाहेर आल्या आणि मग रेइनो. अंगात लोकरी कोट, डोक्यावर टोपी, विजारीचा एक पाय प्लास्टरवरून उभा कापलेला.

त्याने आमची गाडी ओळखली. बर्फातली पावलं पाहिली, माझी आणि आर्मांडची, आत गेलेली दोघांची आणि परत आलेली एकाची. मग झाडांतून त्याला ती नारिंगी टोपी दिसली असावी. एस्को खिडकीतून डोकं काढून काही बोलला आणि त्याचा हात भोंग्याकडे गेला. रेइनोने कुबडी टाकली आणि खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. काच वर होती. मी ती खाली केली नाही. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते मला हलवता आले नाहीत. रेइनोने टोपीला दोन बोटं लावली, कसाबसा आत चढला, आणि पिकअप दिवे न लावता मागे मागे सरकत रस्त्याला लागला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी एक गोळी ऐकू आली. आठ टोकांच्या शिंगांचा नर. डेलने तो ओढून काढला. आर्मांडच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो म्हणत होता की थंडीमुळे आलंय.

रेइनो घरी आल्याचं आर्मांडला पुढच्या आठवड्यात कळलं. त्याने मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा कागदात गुंडाळला आणि मला बरोबर घेऊन निघाला. नको म्हणायला मला कारण सुचेना. रेइनो स्वयंपाकघरात पाय खुर्चीवर ठेवून बसला होता.

"हे तुझं," आर्मांड म्हणाला. "जागा दिलीस म्हणून. अशी जागा सख्खा भाऊ देत नाही."

मी चुलीकडे पाहत होते. चुलीवर कॉफीचं भांडं होतं.

रेइनोने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आर्मांडकडे. "रिकामीच होती," तो म्हणाला.

"आणि तुझ्या फळीवर थुंकलो नाही हं. तू बजावलं होतंस म्हणून."

हे रेइनोने कधीच बजावलं नव्हतं. त्याने कागदातला तुकडा जवळ ओढला. मग म्हणाला, "ते मी स्वतः जाऊन बघणार. तुझ्यावर माझा भरवसा नाही."

आर्मांड पुन्हा खोकला येईपर्यंत हसला.

नऊ मार्चला आर्मांड गेला. पुढचा हंगाम आला तेव्हा रेइनोचा पाय बरा झाला होता, पण तो बुंध्यावर गेला नाही. पेट्रोलपंपावर कुणी विचारलं तर म्हणाला, "ती आता आर्मांडची जागा. त्याचं शेवटचं हरीण तिथलं आहे." तो स्वतः तळ्याकाठी एका वाईट जागी बसायला लागला, जिथे वारा सतत फिरतो. दहा हंगामांत त्याला तिथे दोनच हरणं मिळाली. आणि त्याने म्हटलं म्हणून गावात दुसरंही कुणी बुंध्यावर बसेना. हंगाम उघडला की माणसं मला चर्चच्या पायऱ्यांवर थांबवून सांगत, "ओडिल, आम्ही आर्मांडची जागा सोडली आहे हं." मी आभार मानत असे.

एवढ्यावर रेइनो थांबला नाही. हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ तोच काढायचा. मी त्याच्या फिनिश लोकांसारखा वेलदोड्याचा पाव करून द्यायचे, आणि तो म्हणायचा, "ओडिल, फ्रेंच बाईच्या मानाने तुझा पाव बरा होतो." मला तो टोमणा कठोर असता तर बरं वाटलं असतं.

एकदा मी हे फादरना सांगितलं. ते शिकागोहून आलेले, शिकारीतलं त्यांना काही कळत नव्हतं. ते म्हणाले, "पण ते जंगल सगळ्यांचंच ना?" आणि तीन प्रार्थना सांगितल्या. मी त्या म्हटल्या. मनावरचं काही उतरलं नाही.

यंदा ऑक्टोबरात रेइनोने परवाना घेतला नाही. डोळे गेले, म्हणाला. बंदूक एस्कोच्या नातीला दिली. ते ऐकून मी दोन दिवस घरात काही धड केलं नाही. इतकी वर्षं मला वाटत असे की कधीतरी सांगेन, आणि सांगितलं की तो निदान एक हंगाम तरी आपल्या बुंध्यावर परत बसेल. आता ते सांगूनही परत देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तरी आठ नोव्हेंबरला, गुरुवारी, मी गेले.

"पाव नाही आणलास," तो म्हणाला. दिसत नसलं तरी वास येतो त्याला.

"नाही. मला तुला सांगायचंय. मी तुला विचारलं नव्हतं, आणि आर्मांडला विचारलं म्हणून सांगितलं."

"मला विचारलं नाहीस हे मला ठाऊक असणारच ना, ओडिल. मी तिथेच होतो, खाटेवर."

"तू येणार आहेस हे तू मला सांगितलं होतंस. तरी मी त्याला तिथे नेऊन बसवलं."

"हो."

चुलीत लाकूड सरकलं.

"त्या पहाटे मला वाटलं, तू काच खाली करशील," तो म्हणाला. "मी थोडा थांबलोही होतो."

"पाहिलं मी."

"बोलायला काही नसतं आलं तुला, तरी चाललं असतं."

मग जे मी अकरा वर्षं मनात धरून होते ते तोंडून निघालं. "मी विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, असं मी स्वतःला सांगत आले, रेइनो."

"नसतो म्हणालो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आर्मांडसाठीही नाही. डॉक्टर म्हणाला होता की पुढच्या वर्षी चालशील की नाही सांगता येत नाही. मला तिथे बसायचं होतं."

मी मान हलवली. त्याला ते दिसलं नसेल. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही मागितलं नाही.

"तो नर कुठून आला?" त्याने विचारलं.

"काय?"

"आर्मांडचा नर. त्याला मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझा चेहरा त्याने पाहिला असता. तुला सांगितलं असेल त्याने."

सांगितलं होतं. त्या हिवाळ्यात रोज, जेवताना, अंथरुणावर, औषध घेताना. मला ते पाठ होतं. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. सांगितलं की वारा उत्तरेचा होता, अगदी हलका. आधी दोन माद्या सीडरमधून वर आल्या आणि फळीपासून तीस पावलांवरून गेल्या.

"डावीकडून?"

"डावीकडून. त्यांच्या मागे बराच वेळ काही नाही. एक खार आर्मांडच्या बुटावर चढली."

"ती सगळ्यांच्या चढते."

"मग दलदलीच्या कडेला फांदी हलली. तो बाहेर आला आणि मोकळ्यात थांबला."

"मोकळ्यात नाही थांबत ते," रेइनो म्हणाला. त्याने डोळे मिटले होते. "तिथे एक पडलेलं बर्चचं झाड आहे. त्याच्याआड थांबला असेल. डोकं तेवढं दिसलं असेल."

"असेल. आर्मांड म्हणाला, शिंगांवर बर्फ होता."

"होता का?"

"हो. मग त्याने मान वळवली, माद्या गेल्या तिकडे पाहिलं, आणि एक पाऊल पुढे टाकलं. आर्मांडने बंदूक हळूच..."

रेइनोने हात वर केला.

"तेवढं राहू दे," तो म्हणाला.