गोदावरीत पाण्याचे कॅन घेऊन बोट चालवणारा गफ्फार

गफ्फार गेला. पाण्यात नाही, खाटेवर गेला.

हे आधीच लिहितो, कारण सकाळपासून फोन येत आहेत आणि जो तो विचारतो, "बोटीत होता काय?"

नाही. पूल झाला तेव्हाच त्याने बोट सोडली होती. छातीत दुखलं, गाडी येईपर्यंत संपलं.

माझा धाकटा भाऊ. जायचा नंबर आधी माझा होता.

मी चौथी शिकलेला, टीनकाम करणारा माणूस. चूकभूल सांभाळून घ्या. पण आज लिहिलं नाही तर झोप लागणार नाही. तशी ती मला कधीच लागत नाही.

पूल नव्हता तेव्हा सिरोंच्याहून गोदावरीपार जायला गफ्फारची मोटरबोट होती.

इंजिन मागे. बोट हलकी असली की नाक वर करायची आणि वारा आला की डुलायची. म्हणून सगळे बोटवाले तळाशी रेतीची पोती टाकायचे.

गफ्फार रेती टाकायचा नाही. तेलाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन धुऊन त्यात नदीचंच पाणी भरायचा आणि तळाला ओळीने लावायचा.

अख्खा घाट हसायचा. मला मात्र टेन्शन. पोहता येत नाही मला.

"गफ्फार, रेती टाक नं. सगळे टाकून राह्यले."

"भाईजान, बोटीत पाणी शिरलं तर रेती खाली ओढते. पाण्यात पाण्याचं काय वजन?"

"आन झाकण निघालं तर?"

"म्हणून तर तुले ठेवलं. तुझ्यासारखा भेकड माणूस घाटावर दुसरा नाई. तू तपास."

खरंच तपासायचो. प्रत्येक झाकण पिळून बघायचो, मग परत बघायचो. आतली रबराची चकती मीच कापून बसवायचो.

मग माझ्या शबानाची विदाई आली. पोरगी पार आंध्रात दिलेली.

आमच्याकडे तेव्हा रीत होती. मुलीचं कपाट बोटीत उभं न्यायचं, आरसा पलीकडच्या काठाकडे करून. म्हणजे सासरच्या गावाला लांबूनच दिसावं, काय काय आलं ते.

कपाट माझ्या हातचं. रात्रंदिवस ठोकून बनवलेलं. तरी मीच म्हणालो, आडवं ठेवा, माझा जीव राहत नाही.

नवऱ्या मुलाचे मामा तयार होईनात. ते दखनी बोलायचे.

"अलमारी लेटा के लाए तो लोगां क्या बोलेंगे? खडीच लेके चलो."

विदाईच्या वेळी मुलीकडच्यांनी वाद घालायचा नसतो. गफ्फारने घातला नाही. त्याने कपाट उभं केलं, ओढली की सुटेल अशा एकाच गाठीने बांधलं, आणि तळाला आणखी कॅन भरून लावले.

मामा मोठ्याने हसले. "क्या जी, गोदावरी में पानी कम पडा क्या, डब्बे में भर के ले जा रैं?"

सगळी वरात हसली. गफ्फारही हसला. मी झाकणं तपासत होतो.

मधोमध वारा आला.

कपाटाने तो शिडासारखा पकडला. बोट एका अंगावर गेली, काठावरून पाणी आत आलं, बायका ओरडल्या. मी डोळे मिटून कलमा म्हणायला लागलो.

डोळे उघडले तेव्हा गफ्फारच्या हातात दोर होता आणि कपाट नदीत चाललं होतं, आरसा वर करून.

त्याने मला विचारलं नाही. बरं केलं. मी विचार करत बसलो असतो.

बोट तशीच कलंडलेली राहिली. मग तळाच्या वजनाने हळूहळू सरळ झाली.

पण अर्धी भरलेली.

गफ्फार ओरडला, "कॅन बाहेर ओता! रिकामा झाला की झाकण घट्ट लावा आन पोटाशी धरा! मंग बुडायचं म्हटलं तरी बुडता येणार नाई!"

पहिला कॅन माझ्या शबानाने ओतला. नवरीच्या लाल पोशाखात, मेंदीच्या हातांनी. बाकीच्या बायका जहेजच्या डेगचीने पाणी उपसू लागल्या.

बोट हलकी झाली, वर आली. मामा कॅनला मिठी मारून बसले होते.

इंजिन पाणी पिऊन बंद पडलेलं. गफ्फार वल्हं मारत म्हणतो, "मामा, सांगा आता. गोदावरीत पाणी कमी होतं काय?"

"अब्बी मजाक मत करो जी! पैले किनारा दिखाव!"

एकही माणूस गेला नाही. एकही झाकण निघालं नाही.

काठावर लोक जमलेले. कोणीतरी विचारलंच, कपाट कुठे आहे?

मामा अजून कॅन सोडायला तयार नव्हते. तसेच उभे राहून म्हणाले, "अलमारी छोडो. हमारी बहू आई, वो देखो."

त्यानंतर त्या घाटावर रिवाजच पडला. मुलगी पार निघाली की बापाने आपल्या हाताने एक कॅन भरून बोटीत ठेवायचा. हिंदू असो, मुसलमान असो. आणि कपाट आडवं. झाकण बघायला मला बोलवायचे.

रीत बदलायला मोठमोठ्यांचं आयुष्य जातं. माझ्या भावाने ती एका फेरीत बदलली. ही गोष्ट मी आज छाती काढून सांगतो.

आज शबाना पुलावरून आली. सोबत विदाईत तिने ओतलेला तोच कॅन, आता पिवळा पडलेला. चाचाच्या गुस्लसाठी, शेवटच्या अंघोळीसाठी, गोदावरीचं पाणी भरून आणलं होतं तिने.

सवयीने मी आधी झाकण पिळून पाहिलं.

घट्ट होतं.

मग मीच उचलला. कोणाला हात लावू दिला नाही. गफ्फार, पाण्यात पाण्याचं वजन नसतं, एवढंच तू सांगितलं होतंस. बाहेर काढल्यावर किती असतं, ते नाही सांगितलंस.

जा भाऊ. आम्हाला सगळ्यांना पार नेलंस, अल्लाह तुला सुखाने पार नेवो.

तुझा भेकड भाईजान.