गूळभेंडीतला सॅक्सोफोन

परभणी जिल्ह्यात जॅझचा समीक्षक एकच आहे, आणि तो मी आहे.

यात बढाई नाही. दुसऱ्या कुणाला ही जागा नकोच आहे. दिवसा मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि आठवड्यातून एकदा एका वेबसाइटवर ‘रोजचं ऐकणं’ नावाचं सदर लिहितो. जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातले शब्द नसलेले तुकडे ऐकायचे आणि कोणता तुकडा कोणत्या कामाला चालेल ते वाचकांना सांगायचं. वह्या तपासताना पियानो बरा. भाजी निवडताना मंद सिंथेसायझर. (मेथी असेल तर जरा लांबलचक तुकडा घ्यावा, हे माझं स्वतःचं संशोधन!) शेवटी पाचपैकी तारे द्यायचे. सदराला वाचक किती, हे मी विचारत नाही आणि संपादिकाबाई सांगत नाहीत. त्यामुळं आमचे संबंध चांगले आहेत.

माझं एक तत्त्व आहे. नाव न बघता ऐकायचं. बाई पाठवतील ते तुकडे मेमरी कार्डात भरायचे, कार्ड स्वयंपाकघरातल्या रेडिओत घालायचं आणि कोऱ्या मनानं ऐकायचं. “मन तुमचं जन्मापासून कोरंच हाय,” असं रेखा म्हणते. रेखा ही माझी बायको. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, पेडगावला शेती करतात. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात, आणि परवापर्यंत ते मला शहाणाही समजत होते.

मामा दरवर्षी ज्वारीच्या कडेला चार ओळी गूळभेंडीच्या पेरतात. गूळभेंडी ही खास हुरड्याची ज्वारी. दाणा असा गोड, की पाहुणे खातखात गप्प होतात. यंदा त्या चार ओळींवर फार मोठी जबाबदारी होती. धाकट्या मेहुणीचं, स्वातीचं, लग्न पूर्ण्याला रेल्वेत नोकरी असलेल्या एका घरी जुळत आलं होतं. मामांनी त्या मंडळींना हुरड्याचं आवतन दिलं होतं. कणसं भाजायच्या आगटीभोवती बसून हुरडा खायचा आणि तिथंच तारीख धरायची, असं ठरलं होतं.

“पाव्हणं, पुढच्या आयतवारपर्यंत पाखरं आवरली पायजेत बगा,” मामा फोनवर म्हणाले. “पूर्ण्याच्या लोकांना मोकळी कणसं दाखवायची का? इज्जतीचा सवाल हाय.”

गोफण फिरवून फिरवून त्यांचा खांदा धरला होता. म्हणून त्यांनी बॅटरीवर चालणारा, मेमरी कार्ड घालायचा एक भोंगा घेतला होता. परभणीतल्या एका मोबाइलवाल्याकडं बसून स्वतःचं ओरडणं आणि पत्र्याचा डबा असं दोन्ही भरून घेतलं होतं. मोबाइलवाल्यानं तो आवाज जाड केला, ताणला आणि मागंपुढं केला. ओळखीच्या आवाजाला पाखरं भीत नाहीत म्हणे. ते कार्ड दुकानातून घेऊन पेडगावला पोचवायचं, एवढंच काम माझ्याकडं होतं.

शनिवारी मी ते कार्ड आणलं. शनिवारीच बाईंनी पाठवलेले नवे तुकडे माझ्या कार्डात भरले. दोन्ही कार्डं काळी, दोन्ही नखाएवढी. हरवू नयेत म्हणून दोन्ही एकाच चष्म्याच्या डबीत ठेवली. (इथं थांबून वाचकांनी माझ्याविषयी मत बनवायला हरकत नाही.) रविवारी पेडगावला जाऊन त्यातलं एक मामांच्या हातात दिलं. भोंगा चार्जिंगला होता, म्हणून चहा घेऊन तसाच परत आलो.

सोमवारी सकाळी दुसरं कार्ड रेडिओत घातलं आणि डोळे मिटून बसलो.

डाँऽऽग!

रेखाच्या हातातलं दुधाचं पातेलं हिंदकळलं. “अगं बाई! काय हो हे?”

“शूऽऽ! ऐक.”

पत्र्यावर पडल्यासारखा एक ठोका. मग यंत्राच्या पोटातून निघाल्यासारखी माणसाची एक आरोळी. मग शांतता. आता संपलं असं वाटावं, तेवढ्यात पुन्हा डाँऽऽग! बाल्कनीतल्या चिमण्या भर्रकन उडाल्या. शेजारच्यांचं मांजर आमच्या कट्ट्यावरून थेट जिन्यात गेलं.

“बंद करा की! काळीज धडधडायलंय माझं!”

“तेच तर! काळजाला हात घालतंय हे संगीत.”

“हात न्हाई, धोंडा घातलाय.”

पण मी भारावलो होतो. इतक्या वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं. त्याच दिवशी लिहून टाकलं: “हा कलाकार श्रोत्याला कुरवाळत नाही, हुसकावतो. शब्द कळत नाहीत, कळायची गरजही नाही. त्या आरोळीत मातीची वेदना आहे. आमच्या बाल्कनीतली पाखरंसुद्धा या सुरांनी आकाशाकडं झेपावली! सकाळच्या चहाबरोबर रोज ऐकावं. साडेचार तारे.” बाईंनी विचारलं, यातला कोणता तुकडा? मी कळवलं, पहिला. (नाव बघायचं नाही म्हणजे नाही.) बाईंनी तो न ऐकताच लेख छापला. त्यांचंही काही तत्त्व असेल.

मंगळवारी मामांचा फोन आला. “पाव्हणं, भोंगा वाजायलाय, पर पाखरं उठंनात की ओ!”

“मामा, आवाज वाढवा.”

बुधवारी पुन्हा फोन. “वाढिवला. आता लांबलांबची बी यायलीत.”

“मामा, हे विज्ञान आहे. पाखरांना भीती समजायला वेळ लागतो. तुम्ही गोफण घेऊन मध्ये शिरू नका, प्रयोग बिघडेल.”

“मला तर ऐकून झोपच यायलीय.”

“मग झोपा! यंत्र आणलंय कशाला?”

जावई शाळेत विज्ञान शिकवतो म्हटल्यावर मामांनी ऐकलं आणि बाजेवर पडून राहिले. या सगळ्यात त्यांची चूक काय असेल तर ती एवढीच.

रविवारी आम्ही पेडगावला पोचलो. पूर्ण्याची मंडळी आधीच आली होती. होणारे व्याही होते, विहीणबाई होत्या आणि नवरदेव नितीन होता. बांधावर चटई अंथरलेली, आगटी पेटलेली. दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, सगळं मांडून तयार होतं. आणि शेतातून सॅक्सोफोनचे अतिशय तलम, रेशमी सूर येत होते.

“वा!” मी म्हणालो. “मामा, पाहुण्यांसाठी संगीत लावलंय वाटतं! सुंदर आहे. थोडं झोपाळू आहे, पण जेवणानंतर चालेल. तीन तारे.”

मामांनी हात पुढं केला. त्यांच्या हातात गूळभेंडीचं एक कणीस होतं. त्यावर दाणा एकही नव्हता, नुसता भुसा. मी शेताकडं बघितलं. चारही ओळींवर पोपट बसले होते. खात नव्हते, कारण खाऊन झालं होतं. काही डुलत होते. एक साळुंकी तर भोंग्याच्या तोंडावरच बसून पंख साफ करत होती.

“अहो,” रेखा हळूच म्हणाली, “हे असलं तर तुमी घरी ऐकता ना?”

डबीतलं माझं कार्ड मामांकडं गेलं, एवढं माझ्या ध्यानात आलं. व्याही दाढी खाजवत कणसाकडं बघत होते. विहीणबाईंनी चटणीची वाटी घेतली होती ती खाली ठेवली. नितीन बिचारा सज्जन. वातावरण सावरायला तो मला म्हणाला, “दादा, स्वातीनं तुमचं सदर पाठवलं होतं. तो साडेचार ताऱ्यांचा ट्रॅक कुठंच सापडला नाही बगा. ऐकायला मिळंल का?”

एवढ्या संकटात कुणीतरी आपलं लिखाण वाचलेलं निघावं! माझं भान सुटलं. कार्ड खिशातच होतं. मी धावत भोंग्याजवळ गेलो, साळुंकीला बाजूला केलं, कार्ड बदललं, आवाज पूर्ण वाढवला आणि वळून म्हणालो, “आता नीट ऐका. हे खरं संगीत!”

डाँऽऽग! हाऽऽऽऽर्र्र!

चारही ओळींतले पोपट एकदम उडाले. शेजारच्या तीन शेतांतले उडाले. विहीणबाई चटईवरून अर्ध्या उठल्या. आगटीजवळचं कुत्रं पेडगावच्या दिशेनं निघून गेलं. आणि त्या सगळ्या गदारोळात मामांचा चेहरा मात्र उजळला.

“अरं!” ते ओरडले. “ह्यो तर माजा आवाज हाय! आन् डबा बी माजाच!”

 भोंगा बोलतच होता. रेखा माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्याला मी आजवर तारे द्यायचं धाडस केलेलं नाही.

शेवटी व्याहीच हसले. त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. “आमच्या इंजनाच्या भोंग्याला बी कधी इतकी तारीफ मिळाली न्हाई हो!” म्हणाले. हुरडा शेजाऱ्याच्या शेतातून आला. साधी ज्वारी होती, पण मंडळींनी खाल्ली. तारीखही ठरली. फक्त विहीणबाईंनी एक अट घातली, की लग्नात वाजंत्री ठरवायला मला पाठवायचं नाही. ही अट आमच्याकडून एकमतानं मान्य झाली.

निघताना मामांनी मला बाजूला घेतलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. चार ओळी गेल्या, त्याचं मला खरंच वाईट वाटत होतं.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “मला साडेचार दिले म्हनं. अर्दा कशापायी कापला?”

 त्या अर्ध्या ताऱ्यापायी पुढचे तीन रविवार, उरलेल्या ज्वारीची राखण माझ्याकडं आली. पहिल्याच सकाळी मी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढलो, पत्र्याचा डबा बडवला आणि जीव तोडून आरोळी ठोकली. मातीची वेदना वगैरे सगळं त्यात घातलं. खाली बाजेवर मामा डोळे मिटून ऐकत होते. पोपट कणसांवर बसूनच होते.

“डबा चांगला वाजायलाय,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “तुमी तेवडं गप ऱ्हावा.”