श्रावणातला रिपोर्ट

मित्रांनो, मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

माझा धाकटा भाऊ दरवर्षी श्रावण पाळायचा. महिनाभर दारूचा थेंब नाही. महिना संपताना रक्त तपासायचा आणि मला इथे बहारीनला रिपोर्ट पाठवायचा. "बघ दादा, लिव्हर नॉर्मल." मग अकरा महिने रोज प्यायचा. मी रिपोर्टवर विश्वास ठेवला. यंदा होळीनंतर तो लिव्हरच्याच आजाराने गेला.

आज इथल्या सलमाबाद भागातल्या आमच्या वर्कशॉपमधले सावंत म्हणाले, "लिव्हरची टेस्ट आता नको, श्रावण संपल्यावर करू हो, तेव्हा रिपोर्ट चांगला येतो." मी त्यांना तसंच गाडीत बसवून क्लिनिकमध्ये नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "किती पिता?"

"कधीतरी."

मी सावंतांकडे पाहिलं. सावंतांनी मान खाली घातली. "रोज. कालसुद्धा."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. महिनाभर बंद ठेवलं की रक्तातले आकडे उतरतात, पण आतलं नुकसान राहू शकतं."

रक्त देऊन परतताना सावंतांनी विचारलं, "उद्या रिपोर्ट वाईट आला तर?"

"खरा तरी येईल," मी म्हणालो.

भावाला मी कधीच विचारलं नाही, श्रावणातच का तपासतोस? तुम्ही तुमच्या माणसाला विचाराल ना?