पत्र्याच्या खोलीतली पिल्लं

आबांनी सगळा जन्म एसटीची गाडी चालवली. शेवटची काही वर्षं ते कोल्हापूर–कुरुंदवाड फेरीवर होते. आमच्या गावच्या, कुरुंदवाडच्या स्टँडवर एक तांबूस कुत्री राहायची आणि आबांच्या डब्यातली अर्धी भाकरी रोज तिची असायची. निवृत्तीच्या दिवशी ते घरी आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात हार होता आणि मागं ती कुत्री होती. आईनं दारातच विचारलं, "ही कोण?"

आबा म्हणाले, "माझ्यासंगं ही बी रिटायर झाली."

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणासाठी जयसिंगपूरहून माहेरी आले. सातवा महिना संपत आला होता. परसात लाकडं ठेवायची पत्र्याची खोली होती, तिथं कुत्रीला चार पिल्लं झाली होती. पाच आठवड्यांची असतील. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची नात दिवसभर त्यांच्यातच लोळायची.

आधी सगळ्यात लहान पिल्लू ओकलं. मग त्याला जुलाब लागले. पिवळसर, घाण वास येणारे. दुसऱ्या दिवशी चारही पिल्लं मान टाकून पडली आणि दुपारी ते लहान पिल्लू गेलं. आबांनी त्याला शेवग्याखाली पुरलं, हात धुतले आणि दुसरं एक पिल्लू जुन्या शर्टात गुंडाळून सायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. परत आले ते औषधं आणि एक कागद घेऊन. डॉक्टरीणबाईंकडून त्यांनी रोगाचं नाव मुद्दाम लिहून घेतलं होतं. "कुणाशी गाठ हाय, ते ठावं पायजे," असं त्यांचं म्हणणं.

कागद मी वाचला. इंग्रजीत 'कोरोना' लिहिलं होतं आणि पुढं प्रश्नचिन्ह.

त्या दिवसांत पेपरात रोज चीनकडच्या नव्या तापाच्या बातम्या यायच्या. माणसं मरत होती, तोंडाला फडकी बांधून फिरत होती. तो ताप ज्या विषाणूमुळं येतो, त्याचंही नाव हेच. सकाळीच मी ते वाचलं होतं. माझा हात आपोआप पोटावर गेला. मी आईला सांगितलं. आई पिल्लांसाठी साखर आणायला दुकानात गेली आणि तिथं बोलली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

पाच-सहा माणसं अंगणात आली. पुढं दुकानदार होते, सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. माणूस वाईट नव्हता. नात त्या पिल्लांकडून तोंड चाटून घेत होती, हे आठवून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आबा, पेपरात आलंय. तिकडं माणसं मराय लागल्यात. ही पिल्लं लांब न्हेऊन सोडा."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यो कुत्र्याचाच रोग हाय."

"आवो, पेपरात बी तेच नाव हाय की! आन् तुमची लेक पोटुशी हाय. तिचा तरी इचार करा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आबांनीही. मी उंबऱ्याच्या आत सरकले. त्यातून काय ते त्यांना कळलं.

"बरं," ते म्हणाले. "पिल्लं बरी हुईपतूर मी बी घरात येत न्हाय. त्या खोलीतच ऱ्हातो. कुणाच्या जवळ यायचो न्हाय. पर सोडणार न्हाय. जल्मली हितं, मरायची असली तर हितंच मरू द्यात."

आणि खरंच ते वळकटी उचलून पत्र्याच्या खोलीत गेले. मे महिन्यात तो पत्रा दुपारी असा तापायचा की हात लावला तर चटका बसावा. आई धुण्याच्या दगडावर ताट ठेवून मागं सरकायची, मग ते येऊन उचलायचे. मनगटावर घड्याळ होतंच. गाडीच्या वेळा पाळाव्यात तसं दर पंधरा मिनिटांनी ड्रॉपरनं मीठ-साखरेचं पाणी, एकेका पिल्लाला, गालाच्या कडेनं. ओकलं की पुसायचं, थांबायचं, परत पाजायचं. फरशी चुन्यानं धुवायची. हात कोपरापर्यंत साबणानं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हे सगळं बघत होते, आणि कौतुकापेक्षा मला राग येत होता. माझ्या बाळापेक्षा ह्यांना कुत्र्याची पिल्लं मोठी झाली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीडी बूथवर जाऊन नवऱ्याला फोन केला. "आबा ऐकत नाहीत. तुम्ही या. येताना एक पोतं आणा."

दुपारी नवरा स्कूटरवरून आला. काखेत रिकामं पोतं. मी खिडकीत उभी राहिले. तो परसात गेला आणि खोलीपासून थोडं अलीकडं थांबला. "मामा..." एवढंच म्हणाला आणि काखेतलं पोतं हातात घेतलं.

आबांनी पोत्याकडं बघितलं. मग खिडकीकडं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"पावणं, पोतं आणलंसा ते बरं केलंसा," ते म्हणाले. "खालच्या चिंध्या भिजल्यात सगळ्या. तितं दगडावर ठेवा, मी घेतो."

त्यांनी पोत्याची चौपदरी घडी केली, पिल्लांखाली अंथरली आणि ड्रॉपर हातात घेतला. वेळ झाली होती. नवरा घरात आला. हळू आवाजात म्हणाला, "आता काय करू?"

मी म्हणाले, "चहा घ्या."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. गल्लीतून पिल्लं न्यायची नाहीत असं आबांनी ठरवलेलं, म्हणून आईनं निरोप पाठवला होता. बाईंनी लुना दारात लावली, पदर खोचला आणि थेट जमिनीवर मांडी घालून बसल्या. एकेक पिल्लू मांडीवर घेऊन त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं. अप्पा लांबून बघत होते. बाईंनी त्यांना हाक मारली, मलाही बोलावलं.

"एका आडनावाची माणसं गावोगाव असतात. ती सगळी एका घरातली असतात का?" त्या म्हणाल्या. "ह्याचं आणि त्या चीनच्या तापाचं आडनाव एक आहे. घरं वेगळी. हा कुत्र्याच्या आतड्यात राहतो. इतकी वर्षं मी असली पिल्लं हाताळते, मला कधी झालेला नाही."

"लिहून देतासा?" अप्पांनी विचारलं.

"देते की."

त्यांनी तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून लिहून दिलं. मग मला म्हणाल्या, "तरी तू त्यांच्या घाणीला हात लावू नकोस. कोरोनासाठी नाही म्हणत, पोटुशीनं दुसऱ्या जंतूंपासूनही जपावं." आबांनाही त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. "दुसरा, ह्याहून वाईट रोगही असू शकतो. इथं तपासायची सोय नाही. पण रक्त पडत नाही. तुम्ही पाणी थांबवू नका."

लोक पांगले. आई म्हणाली, "आता तरी घरात या."

"शबूद दिलाय," आबा म्हणाले. "बरी हुईपतूर."

तिसऱ्या दिवशी आणखी एक पिल्लू गेलं. आबांनी त्यालाही पुरलं. परत आले, घड्याळ बघितलं आणि उरलेल्या दोघांना पाणी पाजायला बसले. पाचव्या दिवशी त्या दोघांनी भाताची पेज आपली आपण चाटली. मी खिडकीत होते, आबांनी खूण करून बोलावलं. मी धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. पिल्लं लटपटत वाटीभोवती फिरत होती.

"आबा, पोतं मीच आणायला लावलं होतं."

"ठावं हाय मला." ते पिल्लांकडंच बघत होते. "आईला लेकराचं भ्या असतंयच. ही कुत्री बघ की. पाच दिस झाले, हलली का हितनं?"

अप्पांनी बाईंचा तो कागद दुकानाच्या गल्ल्यात ठेवला होता आणि कुणी विषय काढला की दाखवायचे. तरी नातीला त्यांनी महिनाभर आमच्याकडं पाठवलं नाही. आबांना त्याचं काही वाटलं नाही. "त्येचं बी बरोबर हाय," म्हणाले.

मला मुलगी झाली. जयसिंगपूरला परत जाताना मी त्यातलं एक पिल्लू मागितलं. आबांनी दोन्ही पिल्लांच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ने. पर सुई चुकवायची न्हाय. एक बी."

जयसिंगपुरात तेव्हा आमच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर म्हशी बघायचे, कुत्र्याची लस ठेवायचे नाहीत. लस कोल्हापुरात मिळायची. पहिली सुई आबांनी माहेरीच टोचून घेतली होती, दुसऱ्या वेळी ते काम माझ्यावर आलं. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात ती इवलीशी बाटली. बाटलीवर बारीक अक्षरात बऱ्याच रोगांची नावं होती; मी कोरोना शोधला, सापडल्यावरच दुकानातून निघाले. काखेत मुलगी, मांडीवर थर्मास, गाडी खचाखच भरलेली.

कंडक्टर म्हणाला, "वैनी, गार पानी हाय न्हवं? द्या की घोटभर."

"पाणी न्हाय. कुत्र्याची लस हाय. बर्फ वितळायच्या आत पोचायचंय."

"कुत्र्यासाठनं एवढं?"

"व्हय," मी म्हणाले.

स्टँडवर उतरले ती घरी न जाता तशीच डॉक्टरांकडं गेले. नवरा पिल्लाला घेऊन पायरीवर बसला होता. थर्मास उघडला तेव्हा बर्फाचे तीन-चार खडे अजून शिल्लक होते.