भागीरथीबाईंची सावड

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला ठाऊक नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — दुसरं काय. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. कितीदा ठरवलं, तोंडही उघडलं, आणि ऐन वेळी "चहा टाकू का?" असं विचारून स्वयंपाकघरात पळाले.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी संशयी आहे. दुधात बोट बुडवून बघणारी. रॉकेलच्या डब्यावर खडूची खूण करून ठेवणारी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कापड घ्यायला गेले की दुकानदाराच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघणारी — मीटरपट्टी उचलताना किती सरकवतो ते. एकदा त्या सिंधी दुकानदाराने हातच जोडले. "बहनजी, आप ही नाप लो." मी खरंच मापलं. बरोबर भरलं. घरी येऊन पुन्हा मापलं! आमचे हे अंबरनाथला एका कारखान्यात ऑफिसर. ते म्हणायचे, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. सगळे हसायचे, मीही हसायचे. संशयी बाईला लोक हुशार समजतात, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? मला त्या हुशारीचा फार अभिमान होता.

ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. माझी मुलगी तेव्हा चौथीत. आमच्या कॉलनीच्या महिला मंडळात मुंबईच्या एका संस्थेच्या कुमुदताई आल्या. बारवी धरणाच्या बाजूच्या वाड्यांमध्ये त्या शेतकरी बायकांचे गट बांधत होत्या. त्यांना जवळपास राहणारी, एसटीने एकटी जाऊन येणारी, नीट लिहिणारी बाई हवी होती. दर गुरुवारी वाडीवर जायचं, बायकांचं म्हणणं ऐकायचं आणि मुंबईला लिहून कळवायचं. "तुम्ही म्हणजे आमच्या आणि त्यांच्यामधला दुवा," असं कुमुदताई म्हणाल्या. दुवा! लोणच्याच्या वर्गापलीकडे मला कोणी कशाला विचारलं नव्हतं. माझं अक्षर चांगलं आहे, ते त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. मी हुरळले.

वाडीतल्या गटाची प्रमुख भागीरथीबाई. पन्नाशीची विधवा बाई, घरात मुलगा आणि सून. उंच, काटक, बोलायला फटकळ. वाडीत तिचं भातशेत सगळ्यांत मोठं, रस्त्याला लागून. गटात ती धरून बारा जणी होत्या, आणि बाराही जणींना एकच गोष्ट हवी होती — भात भरडायची गिरणी. भाताचं ओझं डोक्यावर घेऊन बदलापूरला यायचं, गिरणीवर ताटकळायचं, तांदूळ घेऊन दिवेलागणीला घरी. अख्खा दिवस जायचा. हिराबाई म्हणून एक तरुण बाई होती, पदरात तान्हं मूल. ती कडेवर मूल आणि डोक्यावर ओझं घेऊन यायची. एकदा एसटी चुकली म्हणून तशीच चालत गेली. संस्था त्या वर्षी एका वाडीला गिरणी देणार होती आणि या वाडीचं नाव जवळजवळ पक्कं होतं. भागीरथीबाईंनी गोठ्याशेजारची जागाही फुकट देऊ केली होती.

फुकट? — माझ्या डोक्यात पहिला किडा तिथे वळवळला. स्वतःची जागा कोणी फुकट देतं का?

की त्याच्याही आधी? थांबा. हे मला नीट सांगायला हवं, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन. त्याच्या आधी एका गुरुवारी मी परसबागेवर बोलले होते. चार दिवस वाचून, चित्रं काढून तयारी केली होती. प्रत्येकीने दारामागे वांगी, टोमॅटो, मेथी लावावी वगैरे. भागीरथीबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ताई, चित्रं लय चांगली काढलीव. पण आमची हीर माघात आटतं. धरणाचं पाणी जातंय तुमच्या नळाला. वांग्याला काय घालू?" बायका खो खो हसल्या. तान्ह्याला पाजत बसलेली हिराबाईसुद्धा हसली. त्यात वाईट काय होतं? खरंच तर बोलली होती ती. पण एसटीत बसून घरी येईपर्यंत माझे कान गरम होते. त्या दिवशी मी नळ सोडून हात धुतले, आणि पाण्याकडे बघूनही मला भागीरथीबाईंचा राग आला.

तेव्हा, संशय आधी की राग आधी — मला आजही सांगता येत नाही. माझा संशयाचा स्वभाव पुढे करून राग मागे लपवला असेल, असंही मला वाटतं. मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही हो.

आषाढात लावणीच्या दिवसांत एका गुरुवारी गेले, तर वाडीत शुकशुकाट. सगळ्या बायका भागीरथीबाईंच्या शेतात. अकरा जणी चिखलात वाकलेल्या, डोक्यावर इरली, आणि भागीरथीबाई बांधावर उभी राहून रोपांच्या जुड्या फेकत होती. "हिरे, रांग धर! ए, तिकडं दाट नको!" असं ओरडत होती. हिराबाईचं पोर झाडाखाली झोळीत. मी छत्री धरून उभी. जवळ आलेल्या एका म्हातारीला हळूच विचारलं, आज मजुरी किती? ती म्हणाली, "मजुरी नाय देत कोन." आणि पुन्हा वाकली.

बस. मला हवं ते मिळालं. गटाची प्रमुख गरीब बायकांना फुकट राबवते! म्हणून गिरणी हिच्या गोठ्याशेजारी हवी. उद्या गिरणीवरही अशीच मालकीण होऊन बसेल. सगळं कसं जुळलं! त्याच दिवशी मुलीचा अभ्यास घेता घेता मी कुमुदताईंना चार पानी पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत टाकलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख.

पुढच्या गुरुवारी गेले तेव्हा भागीरथीबाईंच्या शेतात कोणी नव्हतं. सगळ्या हिराबाईच्या दोन तुकड्यांवर होत्या. आणि सगळ्यांत पुढे, गुडघाभर चिखलात, पाठ वाकवून भागीरथीबाई. तिच्याशेजारी तिची सून. हिराबाईने सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकरी आणि सुकट आणली होती, मलाही वाढली. मी विचारलं, या इथे कशा? हिराबाईला माझ्या अडाणीपणाचं हसू आलं.

"सावड हाय ना ताई ही. मागं भागीरथीमावशीचं, आज माजं, उद्या तिचं. जिचं शेत तिनं जेवान द्यायचं. पैसं कसलं त्यात? पैसं देऊन माणसं आणाया गेलो तर माजं शेत पडीक ऱ्हायाचं."

एका शेतात सगळ्यांनी राबायचं, मग दुसरीच्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. अंबरनाथपासून तासाभरावर. आणि मी, दुवा, मला ती माहीत नव्हती. मला लाज वाटली का? खरं सांगते — आधी राग आला. यांनी मला आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून! भाकरी खाताना मी ठरवलं, घरी गेल्यावर कुमुदताईंना लगेच कळवायचं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

त्याआधी कुमुदताईंचंच पत्र आलं. तुमच्यासारखी बारीक नजर असलेली बाई आम्हाला लाभली हे आमचं भाग्य, असं काहीसं. ते मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, बघ, पोलिसात नाही तर नाही, इथे तरी कदर झाली. आता त्या पत्राच्या उत्तरात काय लिहायचं — की माझी बारीक नजर आंधळी निघाली? उद्या लिहू, परवा लिहू असं करत श्रावण संपला.

मग एक जाड लिफाफा आला. कुमुदताई आजारी होत्या, त्यांना चौकशीला येणं जमणार नव्हतं. त्यांनी छापील तक्ते पाठवले होते, प्रत्येक बाईसाठी एक. प्रत्येकीला एकटीला बोलावून तुम्हीच विचारा आणि भरून पाठवा. संशय माझा, चौकशीही माझीच, आणि लिहिणारीही मीच!

मारुतीच्या देवळात मी एकेकीला आत घेतलं. तक्त्यावर प्रश्न होता — गटप्रमुख तुमच्याकडून स्वतःच्या शेतात काम करून घेते का? हो. त्याबद्दल मोबदला देते का? आणि प्रत्येक बाई म्हणाली, नाय. नंतर प्रत्येक बाई आणखी काही म्हणाली. कोणी म्हणाली सावड हाय ती. कोणी म्हणाली, ती पण येतंय की माज्याकडं. हिराबाई म्हणाली, "औंदा माजं पोर तापानं फणफणलं तर मावशीनं माज्या वाटणीचं पण लावलान. ह्ये लिवा ताई."

तक्त्याच्या शेवटी एक मोकळी जागा होती. वर छापलं होतं, शेरा.

मी अकरा वेळा "हो" लिहिलं. अकरा वेळा "नाही" लिहिलं. आणि अकरा वेळा शेऱ्याची जागा कोरी ठेवली.

हेच ते. इतकंच केलं मी. एक अक्षर खोटं लिहिलं नाही — आणि म्हणूनच कोणाला कधी सापडले नाही. हिराबाई समोर बसून माझ्या पेनाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. "लिवलंव?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, लिहिलं.

गिरणी दुसऱ्या वाडीला गेली.

पण गिरणीवर भागलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. एकेकीला एकटीला आत बोलावून काय विचारलं, याची बाहेर चर्चा झाली. तिने आत काय सांगितलं? हिने कोणाचं नाव घेतलं? गिरणी गेली ती कोणामुळे गेली? ज्या बायका एकमेकींच्या झोळीतली पोरं उचलून पाजायच्या, त्या आता माझ्यासमोर एकमेकींकडे तिरक्या डोळ्यांनी बघायला लागल्या. ती नजर माझ्या ओळखीची होती — मी कॅम्प चारमध्ये तशीच बघते. दुसऱ्या वर्षी आषाढात त्या वाडीत सावड झाली नाही. भागीरथीबाईंनी मजूर आणले. ज्यांना परवडलं त्यांनी आणले. हिराबाईचा एक तुकडा पडीक राहिला. मग तिचा नवरा तिला आणि पोराला घेऊन चिखलोलीकडे वीटभट्टीवर कामाला गेला, आणि ती मला पुन्हा दिसली नाही.

त्याच वर्षी भागीरथीबाई माझ्या घरी आली. पहिल्यांदाच. ओट्याशी पाटावर बसली आणि म्हणाली, "ताई, कोनीतरी आमची लावालावी केली. तुमी शिकलेल्या. मी सांगतंय तसं लिवा त्या कुमुदताईंना. सावड म्हंजे काय ते नीट लिवा." तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. सगळं — कोण कोणाच्या शेतात कधी राबलं, कोणी काय जेवण दिलं, ताप आलेल्या पोराचंसुद्धा. तिचा अंगठा घेतला. पाकीट चिकटवलं. आणि टाकलं नाही.

का, ते तुम्हाला कळलंच असेल. तेच अक्षर. कुमुदताईंनी एका नजरेत ओळखलं असतं की ज्या हाताने शेरा कोरा ठेवला, त्याच हाताला सावड म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं.

कुमुदताईंचं काम मी पुढच्या वर्षी सोडलं. तब्येतीचं कारण सांगितलं. आम्ही बदलापूरला घर घेतलं. भागीरथीबाई बाजाराला आली की वाकडी वाट करून यायची आणि विचारायची, "जबाब आला का ताई?" मी म्हणायचे, नाही अजून. किती वर्षं म्हणत होते, ते मोजलेलं नाही. ते पाकीट कपाटात साड्यांखालच्या कागदाच्या खाली आहे. दर दिवाळीला कागद बदलते, पाकीट तिथेच ठेवते.

गेल्या हिवाळ्यात ती शेवटची आली. आता पार वाकली आहे, नातवाला धरून जिना चढली. नव्या वालाची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. चहा पिऊन म्हणाली, "त्या बाईंनी जबाब नाय दिला तो नायच. मोठी मानसं ती. पन तुमी लिवलात, टाकलात. आमच्यासाठी तेवढं कोन करतंय?" आणि माझ्या हातावर हात ठेवला. खरखरीत, ऊन हात. आत्ता सांगावं, असं वाटलं. ओठांपर्यंत आलं होतं. मी विचारलं, "अजून थोडा चहा टाकू का?"

ती गेल्यावर मी वाल भिजत घातले. मोड आणले, एकेक दाणा सोलला, बिरडं केलं. फार चविष्ट झालं होतं. यांनी दोनदा मागून घेतलं. मीही जेवले.