विरविरीत चांदण्याचा लेखी पुरावा

अक्का शिवणकाम करते आणि तिचा धाकटा भाऊ कविता करतो. उसवलेली संध्याकाळ, चुणीदार ढग, विरविरीत चांदणं ही सगळी त्याची मालमत्ता. वास्तविक हे शब्द त्याने अक्काच्या मशीनपाशी बसून, तिचाच चहा पीत उचललेले. पण एका सत्कारात कुणीतरी विचारलं, "हे शब्द येतात कुठून?" तर हा म्हणतो, "एकांतातून."

तिसऱ्या रांगेत बसून अक्काने हे ऐकलं. घरी येऊन तिने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या, यावरून काय ते ओळखा. पुढची एकवीस वर्षं तो एकांत तिने दाढेखाली धरून ठेवला.

गेल्या साली एक प्राध्यापक कवीच्या शब्दांचा कोश करायला निघाले. प्रत्येक शब्दाचा अर्थ, उगम आणि लेखी पुरावा. बालपणाच्या दोन गोड आठवणी मिळतील म्हणून कवीनेच त्यांना अक्काकडे आणलं. बोकडाने स्वतःच सुरीला धार लावून आणावी, तसं.

अक्काने मापांची जुनी वही काढली. मापाशेजारी कपड्याची अवस्था तारखेसकट लिहून ठेवायची तिची सवय. आधीच फाटका होता की हिने फाडला, हा वाद नको.

"कवितेच्या सहा वर्षं आधीचं आहे. वाचा मोठ्याने."

प्राध्यापकांनी चष्मा सावरला. "धाकट्याची चड्डी. बूड विरविरीत. दोन ठिगळं."

"अगं अक्का!" कवी किंचाळला. "त्या चांदण्यावर लोक रडतात!"

"मीही रडले होते. चार महिन्यांत बूड गेलं मेल्या तुझं."

"सर, निदान चड्डी तरी काढा!"

"ते कशाला काढतील? होती तुझी."

कवीने शेवटचा उपाय केला. "अक्का, पुढचं पुस्तक तुला अर्पण करतो."

"नको बाई. एकांताला वाईट वाटेल."

प्राध्यापकांचं पेन अधांतरी थांबलं होतं. "मग उगम म्हणून कुणाचं नाव घालू?"

कवीने मान खाली घातली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हिचं घाला."

आता अक्का विरघळेल, असं प्राध्यापकांना वाटलं. अक्काने त्यांचं पेन कागदावर टेकेपर्यंत वाट पाहिली, नाव बरोबर लिहिलंय ना ते वाकून पाहिलं आणि दुसरी वही उघडली.

"उठताय कुठे? 'उसवलेली' राहिलीय अजून. तीही याच्याच अंगावर उसवली होती, आणि तेही शाळेच्या स्टेजवर."