बाजाराच्या दिवशीची सुई

एकाहत्तर-बाहत्तरच्या हंगामात ऊस तोडताना कोयत्यानं माझ्या पोटरीचा कडकडून मुका घेतला. त्या वेळी आमच्या गावची औषधोपचाराची रीत फार सोपी होती. जामखेडच्या बाजाराला जायचं, मिरच्या घ्यायच्या, बोंबील घ्यायचे आणि पेनिसिलीनची एक सुई घ्यायची. ताप उतरला की बरं. पुन्हा चढला तर पुढच्या बाजारी पुन्हा एक. असे कित्येक बाजार मी लंगडत केले. शेवटी जखमेला असा वास सुटला की एसटीत शेजारचे आपणहून उठत. मला अख्खा बाक!

आत्यानं मला नगरच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. डॉक्टरांनी पू तपासून घेतला.

"हे जंतू पेनिसिलीनला आता भीक घालत नाहीत. पुण्याहून दोन औषधं मागवलीत, ती जोडीनं देऊ. नाहीतर पाय काढावा लागेल."

दोन औषधं, दोन सुया, दोन्ही कुल्ल्यांवर. आत्या भडकली.

"एकाच सुईत भरा की! पोराची चाळण करताय व्हय?"

"नळीत एकत्र केली तर एक दुसऱ्याला मारतं, मावशी. अंगात गेल्यावर मात्र मिळून लढतात."

"म्हंजे जावाजावाच की!"

त्यातल्या एका जावेचा कानांवर राग होता; ती माणसाला बहिरं करू शकते म्हणे. म्हणून डॉक्टर रोज मनगटावरचं घड्याळ माझ्या कानाशी धरत. टिकटिक ऐकू येईपर्यंत मी श्वास रोखून पडलेला.

मग ताप उतरला. आत्यानं लगेच बोचकं बांधलं. "उतरला न्हवं? चल, उद्या बाजार हाय." मी उठलो, तर पायजमा गायब! डॉक्टरांनी तो कपाटात कोंडला होता.

"आत्ता थांबलात तर उरलेले जंतू या जावांनाही पचवतील. मग माझ्याकडे फक्त करवत उरते."

पुढं टोचलं तर कान, थांबलं तर पाय. आत्या दारात उभीच राहिली. मग बोचकं खाली टाकून त्यावर बसली.

"टोचा. भैरा उसात चालतो, लंगडा न्हाई."

पुढं एका सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि जखमेत चिमटा खुपसला. मी वॉर्ड हादरेल अशी बोंब ठोकली. ते खूश झाले. "दुखतंय म्हणजे जिवंत आहे. मांस लाल आहे. पाय राहिला."

इतके दिवस सगळ्या वॉर्डाशी भांडणारी आत्या तेव्हा कुठं रडायला बसली.